चाचणी क्रमांक दोनशे बारा

त्या वर्षी आमच्या घरात दोन माणसं राहत होती आणि त्यांची भांडणं आइसलंडमार्गे व्हायची.

मी वरच्या खोलीत, अप्पा खालच्या. मी इंग्रजीत लिहायचे, "श्री. शेडगे यांचा मुद्दा मला पटत नाही." ते वाक्य पाटणहून निघून आइसलंडमधल्या सर्व्हरवर जायचं, तिथून जगभरच्या नऊशे लोकांना वाटलं जायचं आणि शेवटी आमच्याच जिन्याखाली अप्पांच्या पडद्यावर उमटायचं. मग खालून खाकरल्याचा आवाज आला की समजायचं, उत्तर येतंय. "श्रीमती काळुगडे यांनी घाई करू नये." चहाला मात्र आम्ही समोरासमोर बसायचो आणि शेजारच्या अश्विनीचं बाळ रात्री किती वेळा रडलं यावर बोलायचो. भिंतीपलीकडे त्याचा पाळणा होता, कड्यांची करकर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

हा आमचा आडमुठेपणा होता, पण निव्वळ आडमुठेपणा नव्हता. 'कानोसा'चा नियमच तसा होता. कानोसा हा भूकंपाची आगाऊ सूचना देणारा प्रोग्रॅम. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. असं काम चालतं ते पत्रांच्या एका सामायिक यादीवर, सगळ्यांच्या देखत. कुणी फोनवर ठरवलं, जेवताना ठरवलं, तर ते धरायचं नाही. यादीवर नाही ते घडलंच नाही, असं आमच्यात म्हणतात. यादीवरच्या नऊशेंपैकी फक्त एकीला, आइसलंडच्या सिग्रिदुरला, माहीत होतं की शेडगे आणि काळुगडे हे बाप-लेक आहेत. माझा नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून मी माहेरी राहून काम करते, हेही तिलाच ठाऊक.

कानोसा ऐकतो ते काचेच्या तारेतून. कराडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला इंटरनेटसाठी पुरलेली जी केसाएवढी बारीक तार आहे, तिच्यात एका टोकाकडून लेझरचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक खोट असतेच, आणि प्रत्येक खोटीवरून थोडा उजेड मागे परततो. जमीन केसभर ताणली तरी हा परतणारा उजेड बदलतो. म्हणजे दर दहा मीटरला जमिनीला एक कान फुटला. सुरुवातीच्या दिवसांत मी या तारेवर येराडच्या म्हशींचा कळप रस्ता ओलांडताना ऐकला होता, आणि धरणाचे दरवाजे उघडल्यावर सबंध खोऱ्याची बारीक थरथरही. अंगावर काटा आला होता तेव्हा. पायाखालची जमीन इतकी बोलकी असेल असं कुणी मला शाळेत सांगितलं नव्हतं.

भूकंप दोन लाटांनी येतो. पहिली वेगवान, नुसती टकटक करून जाणारी. दुसरी संथ, पण घरं पाडणारी. तारेतला उजेड या दोघींच्या कितीतरी पुढे धावतो. घाटाखाली भूकंप झाला तर दुसरी लाट पाटणला पोचायला नऊ सेकंद लागतात. कानोसाने दोन सेकंदांत ओळखलं, तर भोंगा वाजल्यापासून माणसाला सात सेकंद मिळतात.

सात सेकंद. आमचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

आता भांडणाकडे येते. कानोसामध्ये कुणी एक ओळ जरी बदलली, तरी प्रोग्रॅम अजून धड चालतो ना, हे पाहायला नऊ हजारांहून जास्त चाचण्या आपोआप चालायच्या. खोटे भूकंप, खोटे ट्रक, खोटे सुरुंग ऐकवून त्याची परीक्षा घ्यायची. या चाचण्या सोळा वर्षांपूर्वी अप्पांनी लिहायला घेतल्या होत्या, पर्ल नावाच्या जुन्या भाषेत. अप्पा आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवायचे. निवृत्तीनंतर एका पुस्तकावरून त्यांनी पर्ल शिकून घेतली. पर्लने मोठमोठी कामं केली आहेत, पण २०३७ साली ती वाचू शकणारी माणसं यादीवर अकरा उरली होती, आणि त्यांतली तरुण माणसं म्हणजे साठीची.

त्यात नव्या भोंगापेट्या आल्या. खोऱ्यातल्या एकशे चाळीस गावांत, प्रत्येक शाळेवर आणि ग्रामपंचायतीवर, मुठीएवढा संगणक असलेली एक पेटी बसणार होती. पेटी सुरू होताना स्वतःवरच सगळ्या चाचण्या चालवून पाहणार. पण तिच्यात पर्ल बसत नव्हती. चाचण्यांसाठी एका म्हाताऱ्या भाषेवर अवलंबून राहायचं आणि त्यापायी पेट्या अडवायच्या, हे मला अजिबात पटत नव्हतं. रूपांतर करणारी यंत्रणा आता हाताशी होती. तिला मी चाचण्या दिल्या. अडतीस मिनिटांत सगळ्या नव्या भाषेत तयार. सगळ्या पास, सगळ्या हिरव्या. मी यादीवर प्रस्ताव मांडला: पर्ल काढून टाकू या.

दोनशे चौदा पत्रं आली. चिलीतला एक पोरगा म्हणाला, ही भाषा माझ्या आजोबांना येत असेल. सगळे माझ्या बाजूने. मग खालून खाकरल्याचा आवाज आला.

अप्पांनी हरकत घेतली होती. जुन्या पाच जणांना तो हक्क होता; चौदा दिवसांत तांत्रिक कारण दिलं नाही तर हरकत आपोआप रद्द. अप्पांचं पत्र छोटं होतं. "दोनशे बारा क्रमांकाची चाचणी जुन्या भाषेत कधी कधी नापास होते. नव्या भाषेत कधीच होत नाही. माणूस अधूनमधून शिंकतो, त्याचा फोटो शिंकत नाही. म्हणून फोटोची तब्येत चांगली म्हणायची का?"

दोनशे बाराचा लहरीपणा सगळ्या जगाला माहीत होता. वाटेल तेव्हा नापास व्हायची, पुन्हा चालवली की पास. "दोनशे बारा रुसली" अशी आमच्यात म्हणच पडली होती. लोक इतके वैतागले की सहा वर्षांपूर्वी मीच एक ओळ लिहिली होती: कुठलीही चाचणी नापास झाली तर गुपचूप आणखी दोनदा चालव, तिन्ही वेळा नापास झाली तरच बोंब मार. त्या ओळीबद्दल मला तेव्हा फार शाबासकी मिळाली होती.

मी उत्तर लिहिलं. आज आठवलं की कान लाल होतात. "श्री. शेडगे यांची हरकत तांत्रिक नसून भावनिक आहे. स्वतः लिहिलेलं पुसलं जाताना वाईट वाटणं मी समजू शकते. पण एकशे चाळीस गावं त्यासाठी थांबू शकत नाहीत."

त्या दिवशी अप्पा चहाला आले नाहीत.

नवव्या दिवशी आले. बशीत चहा ओतला, हात हल्ली थरथरायचा म्हणून बशी टेबलावरच ठेवून ओणवे होऊन प्यायले, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला.

"स्वप्ने, मला एक सांग. ती दोनशे बारा का रुसते?"

"कुणालाच माहीत नाही, अप्पा. परत चालवली की होते पास."

"पास कशी होते ते न्हाई इच्यारलं. का रुसते ते इच्यारलं."

"तुम्हीच लिहिलीय ना? मग सांगा की तुम्हीच!"

"मला ठावं असतं तर यादीवर नसतं का टाकलं?" भिंतीपलीकडून पाळण्याच्या कड्या वाजत होत्या. अप्पा तिकडे कान देऊन बसले, आणि मग म्हणाले, "सदुसष्ट साली आमी कोयनेच्या वसाहतीत ऱ्हात हुतो, तुला म्हाईत हाय."

माहीत होतं. आजी आणि तान्ही आत्या त्या भूकंपात गेल्या, एवढंच माहीत होतं. अप्पा तेव्हा सात वर्षांचे.

"पहाटंची येळ. पयल्या टकटकीलाच आईला जाग आली. मला काखंत मारून भाईर आणून ठेवलं. मग ती पाळण्याकडं परत गेली." त्यांनी बशी सरळ केली. "दारापासनं पाळण्यापत्तोर आन परत. मी लई वेळा चाललोय ते. आयटीआयच्या वर्गात खडूनं तेवढीच खोली आखून चाललोय. बाईमाणसाच्या चालीनं, पोर उचलायचं धरून. सात सेकंद लागत्यात."

मी समोरचा कप बाजूला सारला.

"म्हणून म्हणतो, एक चाचणी जरी कुरकुरत आसंल तरी तिचं ऐकून घ्यावं. बाकी मी म्हातारा, भावनिक हायच."

मी वर गेले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी होतं तरी डोक्यात रागच होता. भावनेने का होईना, माणूस अडून बसलाय. आता याला आकड्यांनीच गप्प करायचं. सहा वर्षांपूर्वीची माझी ओळ काढून टाकली आणि जुनी दोनशे बारा, जुन्या पर्लमध्ये, सलग दहा हजार वेळा चालवायला लावली. नापासांत काही सूत्र निघणार नाही, सगळा लहरी कारभार असेल, हे दाखवलं की झालं.

दुपारी तीनला निकाल आला. दहा हजारांत एकतीस नापास. मी एकतीस नोंदी एकाखाली एक लावल्या आणि बघतच राहिले.

कानोसा तारेचे सहा टप्पे धरतो: कराड, मल्हारपेठ, पाटण, येराड, हेळवाक, घाट. दोनशे बारा त्याला एक खोटा भूकंप ऐकवते, म्हणजे हादरा एकेका टप्प्यावर क्रमाने पोचल्याचं सांगते, आणि दोन सेकंदांत ओळखलास का, असं विचारते. अप्पांनी टप्प्यांची नावं पर्लच्या ज्या सोयीत ठेवली होती ती एखाद्या पिशवीसारखी असते. आत हात घातला की कुठलं नाव आधी हाती लागेल याचा भरवसा नाही. सुरक्षेसाठी पर्ल दर वेळी पिशवी मुद्दाम ढवळते. म्हणजे दर वेळी हादरा वेगळ्याच क्रमाने पोचत होता. सहा टप्प्यांचे सातशे वीस क्रम होतात.

माझ्यासमोरच्या एकतीस नोंदींत क्रम फक्त दोनच होते. सतरा वेळा घाट, हेळवाक, येराड, पाटण, मल्हारपेठ, कराड. चौदा वेळा बरोबर उलट.

रस्त्याचा क्रम. ट्रकचा क्रम.

कळायला मला मिनिटभर लागलं, आणि कळलं तेव्हा मी खुर्ची घट्ट धरली. तार रस्त्याच्या कडेने जाते. ट्रक गेला की थरथर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने सरकते. उगाच भोंगे वाजू नयेत म्हणून कानोसा घाईघाईने आधी फक्त क्रम बघायचा. ओळीने आलं की ते वाहन समजून बाजूच्या रांगेत टाकायचा, आणि वेग तपासायला त्या रांगेकडे सात सेकंदांनी वळायचा. कराडच्या टोकाला भूकंप होत नाहीत. पण घाटाच्या टोकाला झाला, तर त्याची लाट रस्त्यावरून ओळीनेच सरकणार. घाटाखालच्या भूकंपाला कानोसा ट्रक समजणार होता. मिळणारे सात सेकंद, आणि सात सेकंदांचा उशीर. भोंगा आणि भिंत एकदमच.

माझ्या नव्या, हिरव्यागार चाचणीत हे कधीच दिसलं नसतं. नव्या भाषेत नावं लिहिल्या क्रमानेच राहतात, आणि अप्पांनी पहिलं नाव लिहिलं होतं ते पाटण. नव्या चाचणीत भूकंप जन्मभर आमच्याच घराखाली झाला असता.

मग मी एक साधा हिशोब केला. सोळा वर्षं, जगभरच्या संगणकांवर, दिवसाला साधारण पाचशे वेळा. ही बारकी चाचणी तीस लाख वेळा चालली होती. तीस लाख वेळा तिने सह्याद्री हलवून पाहिला होता, पूर्वेकडून, पश्चिमेकडून, मधूनच, निसर्गात कधी घडणार नाहीत अशा दिशांनीसुद्धा. आणि घाटाची पाळी आली की ती दर वेळी ओरडून सांगत होती, इथे चुकतंय, इथे माणसं मरतील. आम्ही शहाणी माणसं तिला म्हणत होतो, रुसू नको, परत चाल. तिचं तोंड दाबणारी ओळ माझ्या नावावर होती. खिडकीबाहेर डोंगर उन्हात नेहमीसारखे पहुडले होते. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि नजरही हटवता येईना.

खाली गेले. अप्पा पंख्याचं बटण उघडून बसले होते. मी सगळं सांगितलं, कागदावर सहा टप्पे काढून दाखवले. त्यांनी सहाही टप्प्यांवरून बोट फिरवलं.

"नावं क्रमानं लावायला पर्लमधी एक शब्द असतो," ते हळूच म्हणाले. "सॉर्ट. पुस्तकात सातव्या धड्यात हुता. मी तवा पाचवाच धडा केलेला."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"कसलं मुद्दाम! इसरलो बी न्हाई. ठावंच नव्हता." आणि ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसले. "सोळा वर्सं मी छाती फुगवून भांडतोय, आन काम केलंय ते न शिकलेल्या धड्यानं!"

मी त्यांच्या पायाशी बसले. "अप्पा, चुकलं माझं."

"मला सांगून काय उपेग?" त्यांनी छताकडे, म्हणजे आइसलंडकडे, बोट केलं. "यादीवर टाक."

टाकलं. "श्री. शेडगे यांची हरकत बरोबर होती," इथून सुरुवात केली आणि माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या ओळीपर्यंत सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. संध्याकाळी सिग्रिदुरचं पत्र आलं: तिच्याकडेही तार रस्त्याच्या कडेनेच जाते, आणि रस्ता संपतो तिथे ज्वालामुखी आहे. मग चिली, मग जपान. जगातली बहुतेक तार रस्त्यांच्या कडेनेच पुरलेली आहे.

दुरुस्ती दोन दिवसांची होती: क्रम आणि वेग एकाच वेळी पाहायचे. ट्रक तासाला पन्नास किलोमीटर जातो, लाट सेकंदाला सहा. दोघांत गल्लत व्हायचं कारणच नव्हतं, फक्त आम्ही नको तिथे घाई केली होती. पेट्या आठ दिवस उशिरा लागल्या.

आणि पर्ल? ती गेलीच. अप्पांनीच घालवली. सत्त्याहत्तराव्या वर्षी ते नवी भाषा शिकले, या वेळी सगळे धडे करून, आणि दोनशे बारा त्यांनी पुन्हा लिहिली. आता ती सातशे वीसच्या सातशे वीस क्रमांनी दर वेळी चालते, काही नशिबावर सोडत नाही. मग यादीवर एका ओळीचं पत्र: "हरकत मागे घेतो."

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, मी ओट्यापाशी असताना शाळेवरचा भोंगा वाजला.

सरावाचा दिवस नव्हता. मी गॅस बंद केला आणि अंगणात धावले. अप्पा आधीच बाहेर उभे होते आणि मोठ्याने मोजत होते. "एक."

जमीन अगदी शांत होती. ते मी जन्मात विसरणार नाही. ऊन, दोरीवरचे कपडे, भोंग्याचा आवाज, आणि त्याखाली ढिम्म उभं असलेलं जग. काहीही झालेलं नव्हतं, आणि काय होणार हे तीस किलोमीटरवरून एका काचेच्या केसाने आम्हाला सांगितलं होतं.

"दोन."

शेजारी अश्विनी कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला पिळा खाली पडला. ती वळली आणि घरात पळाली. मी ओरडले, पण तिला ऐकू गेलं नसेल.

पायाखाली पहिली टकटक झाली. "तीन," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. ते अश्विनीच्या उघड्या दाराकडे बघत होते. "चार. पाच."

दारात कुणी नव्हतं. अप्पांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठले.

"सहा."

अश्विनी दारात आली. छातीशी गोधडीचं बोचकं, पायात चप्पल नाही. पायऱ्या उतरली, अंगणाच्या मधोमध पोचली.

"सात," अप्पा म्हणाले, आणि जमीन आली.

खालून कुणीतरी उचलून आपटल्यासारखं झालं. आम्ही सगळे खाली पडलो. कौलं सरकली, कुठेतरी गाई हंबरल्या, आणि अश्विनीच्या घराची आडभिंत, जिच्याआडून आम्ही रोज पाळण्याची करकर ऐकायचो ती, आतल्या बाजूला सबंध कोसळली. मग धूळ, आणि धुळीत बाळाचं रडणं. खणखणीत, चिडलेलं, जिवंत रडणं.

अप्पा उठले नाहीत. जमिनीवर बसूनच त्यांनी अश्विनीला जवळ बोलावलं आणि हात बाळाच्या डोक्यावर ठेवला. सत्तर वर्षांचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत होतं. मी त्यांना इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं हलकंही.

खोऱ्यात बावीस घरं पडली. शाळेतली पोरं बाकांखाली होती. माणूस एकही गेलं नाही.

संध्याकाळी वीज आली. मी वर यादी उघडून बसले. जगभरातून विचारणा येत होत्या, सेकंद किती, तीव्रता किती. खालून खाकरल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली. बोटं थरथरतात, त्यांना वेळ लागतो.

पत्र आलं ते मराठीत. यादीवरचं मराठीतलं पहिलंच पत्र.

"आज सात सेकंद मिळाले. पुरले. भास्कर शेडगे."

नऊशे लोकांच्या देखत मी त्याखाली लिहिलं, "अप्पा, चहा टाकलाय, या. तुमची स्वप्नाली."